मरू नकोस, एवढाच निरोप

टोपलीतल्या अंड्यांना हात लावू नका. ती खायचीच आहेत, पण त्याआधी त्यांच्यावर शस्त्रक्रिया व्हायची आहे.

साल १९४१. उत्तर इटलीतल्या तुरीन शहरात, एका ज्यू कुटुंबाच्या घरात, एका तरुणीच्या झोपायच्या खोलीत तुम्ही उभे आहात. खोली इतकी लहान की पलंग, टेबल, उबवणीची पेटी आणि तुम्ही, एवढ्यानेच ती भरली. टेबलावरचा झाइस कंपनीचा मायक्रोस्कोप सोडला तर महागाची वस्तू एकही नाही. शिवणाच्या सुया दगडावर घासून त्यांच्या सुऱ्या केल्या आहेत. चिमटा घड्याळजीचा, नाजूक कात्री डोळ्यांच्या डॉक्टरची. कोणी भेटायला आलंच तर आई बाहेरच्या बाहेर वाटेला लावते: लेक ऑपरेशन करते आहे, आत्ता उठायची नाही.

लेकीचं नाव रीता लेव्ही-मॉन्ताल्चिनी. वय बत्तीस. डॉक्टरकीची पदवी १९३६ सालीच पदरात पडली, पण दोन वर्षांनी मुसोलिनीच्या वंशकायद्यांनी ज्यूंना विद्यापीठाचे दरवाजे बंद केले. काही महिने ब्रसेल्सला जाऊन काम केलं, तर तिथेही जर्मन सैन्य येऊन थडकणार अशी चिन्हं दिसू लागली. म्हणून घरी परत. आणि घरी बसून करायचं काय, तर ही खोली.

पुढे या. त्यांनी उबवणीतून तीन दिवसांचं अंडं उचललं आहे. कवचाला त्या छोटी खिडकी पाडतात. आत बलकावर रक्तवाहिन्यांचं बारीक जाळं पसरलेलं, मधोमध धडधडणारा लाल ठिपका, आणि त्या ठिपक्याशेजारी पंखाचा कोंब. पंख अजून व्हायचा आहे. सध्या तो फक्त फुगवटा. घासलेल्या सुईने रीताबाई तो कोंब उडवतात, खिडकी बंद करतात आणि अंडं परत उबेला ठेवतात. पुढचं अंडं. मग पुढचं.

हा उद्योग त्यांना सुचला तो व्हिक्टर हँबर्गर यांच्या १९३४ सालच्या एका निबंधावरून. हा जर्मन गर्भविज्ञानी एव्हाना अमेरिकेत सेंट लुईसला होता. नाझी सत्तेवर आले तेव्हा जर्मनीतली त्याची नोकरी गेली होती. पंखाचा कोंब काढला तर त्या बाजूच्या मज्जारज्जूतल्या आणि त्याला लागून असलेल्या गुच्छिकांमधल्या चेतापेशी कमी होतात, असं त्याला दिसलं होतं. गुच्छिका म्हणजे चेतापेशींचे गाठीसारखे पुंजके. पाठीच्या कण्याच्या दोन्ही अंगांना ते ओळीने असतात. हँबर्गरचा अंदाज असा, की पंखाकडून काहीतरी संदेश जातो आणि त्या संदेशाने कच्च्या पेशींच्या चेतापेशी बनतात. पंख नसला की संदेश नाही, आणि संदेश नसला की चेतापेशी तयारच होत नाहीत. निबंध रीताबाईंनी वाचला तो १९४० च्या उन्हाळ्यात, गुरांच्या वाहतुकीच्या आगगाडीच्या डब्यात बसून. अंदाज चांगला होता. तपासलेला मात्र नव्हता.

आता मायक्रोस्कोपला डोळा लावा. रीताबाईंची युक्ती साधी आणि चिकाटीची आहे. शेवटी काय उरलं एवढंच पाहून त्या थांबत नाहीत. शस्त्रक्रिया झालेले गर्भ थोड्या थोड्या अंतराने काढायचे, त्यांचे पातळ काप करायचे, चांदीच्या क्षाराने रंगवायचे आणि क्रमाने पाहायचे. चौथ्या-पाचव्या दिवसाच्या कापात पाहा: पंख नाही, तरी चेतापेशी तयार झालेल्या आहेत. सोनेरी-तपकिरी रंगात त्यांचे तंतू स्पष्ट दिसतात आणि ते नाहीशा झालेल्या पंखाच्या दिशेने निघालेले आहेत. पुढच्या कापात ते खुंटापर्यंत पोचतात. त्याच्या पुढच्या कापात पेशी आक्रसतात, काळवंडतात, आणि मग ती जागा रिकामी.

म्हणजे पंखाकडून येणारा निरोप ‘चेतापेशी हो’ असा नव्हताच. पेशी आपल्या आपण चेतापेशी झाली, कामाला लागली, तंतू पाठवला. मग तिला कळलं की पलीकडे कोणी नाही, आणि ती मेली. ‘कळलं’ हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. तो किती खरा आहे हे पाहायला आपल्याला अजून जवळपास पन्नास वर्षं पुढे जायचं आहे.

मागे सरका, लेव्ही सर आत येताहेत. जुझेप्पे लेव्ही हे रीताबाईंचे गुरू, युरोपातले नामांकित ऊतिशास्त्रज्ञ. बेल्जियमहून जीव वाचवून आलेले हे प्राध्यापक आता शिष्येचे मदतनीस झाले आहेत. देह अवाढव्य, आवाज त्याहून मोठा. ते वळले की काचपट्ट्यांची चळत सावरावी लागते. त्यांची कन्या नातालिया गिंझबुर्ग पुढे मोठी कादंबरीकार झाली आणि घरातल्या या गडगडाटाला तिने अजरामर केलं.  गर्भ काढून घेतल्यावर उरलेला बलक रीताबाई ऑम्लेटसाठी स्वयंपाकघरात पाठवतात. युद्धात अंडी मिळतात कुठे? पुढे शहरावरची बॉम्बफेक वाढली आणि घरच्यांनी खेड्यातल्या टेकड्यांवर आसरा घेतला, तेव्हा तर रीताबाई सायकलवरून शेतकऱ्यांकडे जाऊन मुलांसाठी म्हणून फलित अंडी मागत. ती जास्त पौष्टिक असतात असंही वर सांगत. मुलं अर्थातच नव्हती.

भोंगा वाजला. मायक्रोस्कोप आणि काचपट्ट्या उचलून त्या तळघराकडे निघाल्या आहेत. तुम्हीही उतरा. वर काही उरलं नाही तरी हे उरलं पाहिजे, असा हिशेब आहे. हे निष्कर्ष इटलीतल्या नियतकालिकांत छापून यायची सोय नव्हतीच. ज्यूंच्या नावाचा लेख तिथे चालत नव्हता. ते १९४२ साली बेल्जियममधल्या एका नियतकालिकात आले.

पुढची चार-पाच वर्षं आपण उडत पार करू. १९४३ च्या सप्टेंबरात जर्मनांनी इटली व्यापला. रीताबाईंचं कुटुंब खोट्या ओळखीने फ्लॉरेन्समध्ये लपलं. शहर मुक्त झाल्यावर त्या निर्वासितांच्या छावणीत डॉक्टर होत्या. तिथे टायफॉइडने माणसं पटापट मरत होती आणि हाताशी औषध नव्हतं.

उतरा. सेंट लुईस, वॉशिंग्टन विद्यापीठ, १९४७. तो बेल्जियन निबंध हँबर्गरने वाचला आणि लेखिकेलाच बोलावून घेतलं. शिष्टाईने बोलणारा, समजूतदार माणूस; स्वतःचा अंदाज खोडणाऱ्याला आपल्या प्रयोगशाळेत टेबल देणारी माणसं विज्ञानातही मुबलक नसतात. रीताबाई एका सत्रापुरत्या आल्या आणि तीस वर्षं राहिल्या.

इथे दोघं मिळून न कापलेले, धडधाकट गर्भ पाहताहेत. तुम्हीही पाहा, कारण खरा धक्का इथे आहे. मान आणि छाती यांच्या पातळीवरच्या गुच्छिकांमध्ये, काहीही बिघडलेलं नसताना, पेशी ढिगाने मरताहेत. पंख आणि पाय जिथे फुटतात तिथल्या गुच्छिकांमध्ये मात्र मरण कमी. थोड्याच वेळात सफाई करणाऱ्या पेशी येतात आणि मेलेल्या गिळून टाकतात. म्हणून तर हे इतकी वर्षं कोणाच्या नजरेला आलं नाही: प्रेतच राहत नाही. शरीर चेतापेशी जास्तीच्या बनवतं आणि पलीकडच्या अवयवाला जेवढ्या पुरतील तेवढ्या ठेवतं. चेतासंस्थेच्या कित्येक भागांत जवळपास अर्ध्या पेशी अशा जातात. आराखड्यात चेतापेशींचा आकडा कुठेच लिहिलेला नाही. तो दर वेळी नव्याने, मिळालेल्या निरोपांवरून ठरतो. मला या सगळ्या कहाणीतला सर्वांत विलक्षण भाग हाच वाटतो, आणि पाठ्यपुस्तकं त्याला एका ओळीत आटोपतात.

पण निरोप म्हणजे काय? शब्द झाला, पदार्थ कुठे आहे?

त्यासाठी विमानात बसा. १९५२ चा सप्टेंबर, रिओ द जानेरोला जाणारं विमान. तुमच्या शेजारी बसलेल्या, नीटनेटक्या इटालियन बाईंच्या हातातल्या पर्सकडे फार बघू नका. तिच्यात दोन जिवंत उंदीर आहेत आणि त्यांच्या अंगात कर्करोगाच्या गाठी आहेत. हँबर्गरच्या एका जुन्या विद्यार्थ्याने, एल्मर ब्यूकरने, उंदराच्या सार्कोमा या गाठीचा तुकडा कोंबडीच्या गर्भात बसवून पाहिला होता. चेतातंतू त्या गाठीत भराभर घुसले. रीताबाईंनी तोच प्रयोग पुन्हा केला आणि त्यांना आणखी दिसलं. गुच्छिका कित्येक पट फुगल्या होत्या आणि तंतू चक्क रक्तवाहिन्यांत शिरले होते. मग त्यांनी गाठ गर्भाला चिकटवलीच नाही, बाहेरच्या पडद्यावर ठेवली. मध्ये फक्त रक्तप्रवाह. परिणाम तोच. म्हणजे गाठीतून काहीतरी विरघळून वाहत येत होतं.

ते काहीतरी पकडायचं तर गर्भ पुरे, काचेत काम करायला हवं. रिओच्या जीवभौतिकी संस्थेत हर्ता मायर या जुन्या मैत्रिणीने ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा मांडली होती आणि संस्थाचालक कार्लोस शागास यांनी येण्याची सोय केली होती. तुम्ही आता त्या प्रयोगशाळेत आहात. काचेच्या चकतीवर रक्तद्रवाचा गोठलेला थेंब, थेंबात कोंबडीच्या गर्भाची एक गुच्छिका, आणि तिच्यापासून थोड्या अंतरावर गाठीचा कण. दोघींचा स्पर्श नाही. चकती उबेत ठेवा आणि उद्या या.

एक दिवस झाला. भिंगाखाली गुच्छिकेभोवती प्रभावळ आहे. देव्हाऱ्यातल्या मूर्तीमागे असते तशी: शेकडो तंतू सर्व बाजूंनी सरळ बाहेर पडलेले, गाठीच्या अंगाला जास्त दाट. शेजारच्या चकतीत, गाठ नसलेल्या थेंबात, तुरळक चार तंतू. रीताबाई ही चित्रं काढून सेंट लुईसला हँबर्गरला पाठवताहेत.

थांबा, इतक्यात टाळ्या वाजवू नका. चांगल्या प्रयोगात तिसरी चकती असते. तिच्यात गाठीऐवजी उंदराच्या निरोगी ऊतीचा कण ठेवला आहे, आणि तिथेही प्रभावळ आहे. फिकट, पण आहे. रीताबाईंना या चकतीने अस्वस्थ केलं. गाठीची जादू निसटते की काय असं वाटलं, आणि त्यांनी ती बाजूला ठेवली. पुढच्या काळातून आलेले तुम्ही मात्र जाणता की त्या तिसऱ्या चकतीतच मूळ गोष्ट होती. निरोगी ऊतीच तर हा पदार्थ रोज, थोडा थोडा, तोलूनमापून बनवत असते. गाठ तोच पदार्थ अवाच्या सवा बनवते, म्हणून आधी तिथे दिसला.

जानेवारी १९५३. परत सेंट लुईस. रीताबाईंसोबत आता स्टॅनली कोहेन हा जीवरसायनशास्त्रज्ञ आहे: ब्रुकलिनच्या शिंप्याचा मुलगा, लहानपणीच्या पोलिओमुळे किंचित लंगडणारा, तोंडात पाइप, मागे कुत्रा. त्याने गाठींचा अर्क काढला तर त्यात प्रथिनही सापडलं आणि न्यूक्लिक आम्लही. यांतलं कामाचं कोणतं? आर्थर कॉर्नबर्ग यांनी सुचवलं, सापाच्या विषात न्यूक्लिक आम्ल तोडणारं विकर असतं, ते घालून पाहा. विष घातलेल्या चकतीत प्रभावळ मावळली तर कामाचं न्यूक्लिक आम्ल, टिकली तर प्रथिन. घातलं. प्रभावळ पूर्वी कधी नव्हती इतकी दाट झाली. नुसतं विष घातलं, गाठ नाही, तरी तेच. वजनाला वजन लावलं तर विष गाठीच्या अर्कापेक्षा सुमारे हजार पट तेज निघालं. मग कोहेनने डोकं चालवलं: सापाची विषग्रंथी म्हणजे मूळची लाळग्रंथीच. उंदराची लाळग्रंथी घेतली, आणि प्रौढ नराच्या लाळग्रंथीत तर या पदार्थाची खाणच सापडली. नाव पडलं नर्व्ह ग्रोथ फॅक्टर, एनजीएफ. त्याविरुद्ध सशात प्रतिपिंडं बनवून ती नवजात उंदरांना टोचली तेव्हा महिन्याभरात त्यांची अनुकंपी चेतासाखळी जवळजवळ नाहीशी झाली. उंदीर बाकी ठीक होते. गाठ दिली की पेशी वाढतात, हे आधी दाखवून झालं होतं. आता घरचाच निरोप अडवला की पेशी मरतात, हेही दिसलं.

जाता जाता कोहेनच्या उंदीरखान्यात डोकवा. लाळग्रंथीचा कच्चा अर्क टोचलेली पिल्लं सातव्या दिवशीच डोळे उघडताहेत. एरवी तेरा-चौदा दिवस लागतात. दातही लवकर. दुसऱ्या कोणी ही नोंद वहीच्या समासात टाकून दिली असती. कोहेनला कळलं की या अर्कात आणखी एक पदार्थ आहे आणि तो चेतापेशींशी बोलत नाही, कातडीशी बोलतो. हा एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर, ईजीएफ. १९५९ साली प्राणिशास्त्र विभागाला रसायनवाल्याची जागा परवडेना म्हणून त्याला नॅशव्हिलला जावं लागलं. हा पदार्थ बरोबर घेऊनच तो गेला. १९८६ सालचं नोबेल दोघांना मिळालं. हँबर्गरला का नाही, यावर अजूनही भांडणं होतात, आणि मी हँबर्गरच्या बाजूचा आहे.

पाहा, दोन निरोप झाले. एनजीएफ ज्या चेतापेशीला मिळतो ती विभागून दोन होणार नसते. तिला तो एवढंच सांगतो की मरू नकोस. ईजीएफ कातडीच्या पेशीला सांगतो की वाढ, दोन हो. दोन्ही निरोप पेशीच्या आत कसे शिरतात? शिरत नाहीत. दारात थांबतात.

हे उलगडायला लागलं ते १९७८ ते ८० मध्ये, दोन गावांत. नॅशव्हिलला कोहेन मंडळींना दिसलं की ईजीएफ पेशीच्या पडद्यावर बसला की पडद्यातल्या प्रथिनांना फॉस्फेट चिकटतं. त्यांना वाटलं, थ्रिओनीन या अमिनो आम्लावर चिकटतं. तिकडे कॅलिफोर्नियात सॉल्क संस्थेत टोनी हंटर वेगळ्याच कामात, एका विषाणूच्या प्रथिनावर, फॉस्फेट शोधत होता. आम्लं वेगळी करण्याचं द्रावण त्याने ताजं केलं नाही, जुनंच वापरलं. त्याचा पीएच १.९ वरून १.७ वर घसरला होता. ताज्या द्रावणात थ्रिओनीनमागे दडून जाणारा एक ठिपका त्या दिवशी वेगळा उभा राहिला: टायरोसीन. पेशीतल्या अशा सगळ्या फॉस्फेटपैकी टायरोसीनवरचं दहा हजारांत जेमतेम तीन. तेवढ्यावर वाढीची सारी हुकमत चालते. कोहेन मंडळींनी पुन्हा तपासलं, आणि त्यांचंही थ्रिओनीन टायरोसीनच निघालं.

आता तुम्हाला लहान व्हायचं आहे. साल १९८८, परत वॉशिंग्टन विद्यापीठ, सेंट लुईस. बशीत उंदराच्या मानेतल्या गुच्छिकेच्या चेतापेशी आहेत, द्रवात एनजीएफ आहे. पेशीच्या पडद्याला लागून उभे राहा.

पडद्यातून आरपार गेलेला हा लांबट रेणू रिसेप्टर आहे. त्याला ‘ट्रकए’ म्हणतात, आणि एनजीएफचा हाच खरा ग्राहक असल्याचं अजून कोणाला ठाऊक नाही. तीन वर्षांनी कळेल. बाहेरून एनजीएफ आला. तो जुळा रेणू आहे, ११८ अमिनो आम्लांच्या दोन साखळ्या. त्यामुळे त्याने दोन रिसेप्टर एकाच वेळी धरले आणि जवळ ओढले. आतली दोन टोकं समोरासमोर आली आणि एकमेकांच्या टायरोसीनवर फॉस्फेट चिकटवू लागली. त्या फॉस्फेटला ओळखणारी प्रथिनं धावत आली. इथून दोन वाटा फुटतात.

डावीकडे ‘रास’. तो चालू झाला, त्याने ‘राफ’ला चालू केलं, राफने ‘मेक’ला, मेकने ‘एर्क’ला. एर्क केंद्रकात शिरला आणि जनुकं उघडू लागला. उजवीकडे ‘पीआय-३ कायनेज’, आणि तिच्यामार्फत ‘एकेटी’. त्याच्याबरोबर जा. मायटोकाँड्रियाच्या भिंतीशी ‘बॅड’ नावाचं एक प्रथिन घुटमळतं आहे. मोकळं सुटलं तर ते भिंतीच्या रखवालदार प्रथिनांना धरून निकामी करेल. एकेटीने बॅडला फॉस्फेट चिकटवलं, दुसऱ्या एका प्रथिनाने बॅडला धरून दूर नेलं. पेशी अजून काही वेळ जगली. हे एकदाच घडत नाही. बाहेर एनजीएफ आहे तोवर सतत घडत राहतं. बशीत पेशी आखूड आहे, म्हणून दार आणि केंद्रक जवळ जवळ. शरीरात मात्र निरोप तंतूच्या टोकाला मिळतो आणि पेशीचा गाभा दूर, माणसात कधी मीटरभर दूर. तिथे एनजीएफसह रिसेप्टरच पेशीत ओढला जातो आणि एका पुडीतून, चालू अवस्थेतच, तंतूभर प्रवास करून गाभ्यापर्यंत येतो.

आता द्रव बदलला. एनजीएफ काढून घेतला.

पहिले काही तास काही होत नाही. मग पेशी आक्रसू लागते. सेंट लुईसच्या एका संशोधकगटाने तुम्हाला इथे आणलं ते यापुढच्या चकतीसाठी. तिथेही एनजीएफ नाही, पण प्रथिन बनवणं थांबवणारं औषध घातलं आहे. सरळ विचार केला तर उपाशी पेशीवर आणखी एक घाव. दुप्पट वेगाने मरायला हवी. दोन दिवसांनी पाहा. पहिल्या चकतीत बहुतेक पेशी गेल्या आहेत, या चकतीत त्या जिवंत आहेत.

म्हणजे उपासमारीने कोणी मरत नव्हतं. निरोप थांबला तेव्हा पेशीने स्वतः नवी प्रथिनं बनवली आणि त्यांनी तिला मारलं. बनवूच दिली नाहीत, तर ती मरेना. मघाचा ‘कळलं’ हा शब्द आता तपासून घ्या. पुढे लंडनमध्ये मार्टिन रॅफ यांनी यावरून मांडलं की ही चेतापेशींचीच खोड नसावी. शरीरातल्या बहुतेक पेशी सतत मरणाच्या तयारीत असतात आणि शेजाऱ्यांचे निरोप त्यांना अडवून धरतात. त्यांनी कूर्चेच्या आणि डोळ्याच्या भिंगाच्या पेशी बशीत दाट ठेवल्या तर त्या एकमेकींना जगवत. विरळ पेरल्या तर मरत. जिथे असायला नको तिथे भटकलेली पेशी आपोआप संपते ती यामुळेच. तिकडे तिला निरोप पाठवणारं कोणी नसतं.

एक कोडं राहिलं. ईजीएफचा रिसेप्टरही रासवालाच रस्ता धरतो. मग एकाच तारेवरून ‘वाढ’ आणि ‘वाढू नको, तंतू काढ’ असे उलटे निरोप जातात कसे? त्यासाठी पीसी-१२ या पेशी बघा. उंदराच्या अधिवृक्क ग्रंथीतल्या गाठीतून १९७६ साली काढलेल्या. ईजीएफ घाला, त्या विभागतात. एनजीएफ घाला, त्या विभागणं सोडून तंतू काढतात. आत दोन्ही वेळा एर्कच चालू होतो. फरक वेळेचा आहे. कोणी दारावरची बेल टिंग करून सोडून देतो, कोणी बोट दाबून धरतो. घरातलं माणूस त्यावरून ओळखतं. ईजीएफने एर्क काही मिनिटं जागतो आणि झोपतो, एनजीएफने कित्येक तास जागा राहतो.

हे कळलं की कर्करोग वेगळा दिसू लागतो. १९८४ मध्ये ईजीएफ रिसेप्टरची रचना वाचली गेली तेव्हा कोंबड्यांमध्ये कर्करोग घडवणाऱ्या एका विषाणूचं जनुक तिच्याशी जुळलं. विषाणूकडे त्याच रिसेप्टरचा छाटलेला भाग होता: बाहेरचं निरोप धरणारं टोक नाही, आतलं चालू करणारं टोक आहे. बाहेर कोणी आलेलं नसताना आत हुकूम सुटत राहतात. ट्रकची ओळखही अशीच उलटी झाली. मारियानो बार्बासिद यांना तो आधी माणसाच्या आतड्याच्या कर्करोगात भेटला, भलत्याच एका प्रथिनाच्या जनुकाला चिकटलेला, कायमचा चालू. धडधाकट रिसेप्टर एनजीएफचा आहे, हे नंतर.

शेवटचा मुक्काम २०१८. रीताबाई २०१२ च्या डिसेंबरात गेल्या, एकशेतीन वर्षांच्या होऊन. या एका वर्षात अमेरिकेच्या औषध प्रशासनाने दोन औषधांना परवानगी दिली, आणि दोन्ही त्याच एका दारापाशी काम करतात. ऑगस्टमधलं औषध म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेला मानवी एनजीएफ, डोळ्यात घालायच्या थेंबांच्या रूपात. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या नसा मेल्या की तिथली जखम भरत नाही. हे थेंब दिवसातून सहा वेळा, दर दोन तासांनी, आठ आठवडे घालायचे. नोव्हेंबरमधलं औषध लॅरोट्रेक्टिनिब: जनुकं जुळून ट्रक कायमचा चालू झालेल्या गाठींसाठी, गाठ शरीरात कुठेही असो. त्याच्या चाचणीत पंचावन्न रुग्ण होते, सर्वांत लहान चार महिन्यांचा, सर्वांत मोठा शहात्तर वर्षांचा. सतरा प्रकारच्या गाठी. चौघांपैकी तिघांच्या गाठी आक्रसल्या. एक औषध निरोप देतं, दुसरं निरोपाचं दार बंद करतं.

दुसऱ्याची किंमत तुम्ही बाह्यरुग्ण विभागात थांबलात तर ऐकू येईल. ट्रक प्रथिनांचे तीन भाऊ आहेत आणि गोळी तिघांनाही अडवते. त्यांतला एक मेंदूत भूक आवरतो, म्हणून काहींचं वजन वाढतं. कोणाला चक्कर येते. आणि गोळी काही दिवस बंद ठेवली तर काही रुग्णांचं अंग ठणकू लागतं, हात लावू देत नाहीत: प्रौढ शरीरात वेदनेच्या चेतापेशींना तीक्ष्ण ठेवण्याचं काम एनजीएफच करतो, आणि इतके दिवस दाबलेला त्याचा निरोप त्यांना एकदम ऐकू येतो. त्यावर बहुतेकदा गोळी पुन्हा सुरू करून मात्रा हळूहळू उतरवावी लागते.